सुख कशात आहे, हे वहीला विचारलं तेव्हा

खांडबारा आणि आसपासच्या पाड्यांवरच्या गटांतल्या सगळ्या ताया, वहिनी आणि मावश्या, हातातलं काम चालू ठेवूनच ऐका.

गटाच्या बैठकीत आपण हप्त्याचं बोलतो, व्याजाचं बोलतो, शेळ्यांचं आणि तुरीच्या भावाचं बोलतो. पण ‘तू सुखी आहेस का गं?’ असं आपण एकमेकींना सहसा विचारत नाही. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: ‘चाललंय’. दुसरं उत्तर द्यायचं तर आधी स्वतःलाच विचारावं लागतं, आणि तेवढा वेळ कुणाकडे आहे?

आज अशा बायकांबद्दल बोलू, ज्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारला. नुसता विचारून थांबल्या नाहीत, तर आपल्या रोजच्या जगण्यात एखादी गोष्ट ठरवून करून पाहिली आणि काय झालं ते लिहून ठेवलं. अशा आठवणींची पुस्तकं जगात बरीच आहेत. ती कशी असतात, त्यांतून खरं काय कळतं, आणि आपल्यासारख्या बायकांना त्यांचा काही उपयोग आहे का, हे आज समजून घेऊ.

वाफ्यात नवं बियाणं

पुस्तकाची जात आधी ओळखून घेऊ. आत्मचरित्र म्हणजे माणसानं सांगितलेली आपल्या जगण्याची गोष्ट. कुठं जन्मले, कुठं दिली, काय सोसलं, काय मिळवलं. उपदेशाचं पुस्तक वेगळं. त्यात कुणीतरी शहाणा माणूस सांगतो की असं वागा, म्हणजे सुखी व्हाल. आपण ज्या पुस्तकांबद्दल बोलतोय ती या दोन्हींच्या मधली. त्यातली बाई स्वतःवरच प्रयोग करते.

प्रयोग म्हणजे काय, हे आपल्याला शेतावरून चांगलं माहीत आहे. भाताचं नवं बियाणं आलं की आपण सगळं शेत त्यानं भरत नाही. एका वाफ्यात नवं टाकतो, शेजारी जुनं ठेवतो आणि पाहतो. उगवण कशी आहे, कीड लागते का, भाताला चव आहे का, हे सगळं बघून मग पुढच्या वर्षाचं ठरवतो. या बायकांनी तेच आपल्या दिवसांबाबत केलं. दिवसाच्या एका तुकड्यात काहीतरी नवं पेरलं आणि मनाला त्यानं काय होतं ते पाहिलं.

एक लंडनची, एक न्यूयॉर्कची

१९२६ साली लंडनमध्ये मेरियन मिल्नर नावाची एक तरुण बाई होती. वय सव्वीस. शिकलेली, कमावती. वरून पाहिलं तर काही कमी नव्हतं, पण आपलं आयुष्य आपल्या हातून निसटून चाललंय असं तिला आतून वाटत होतं. तिनं एक वही घेतली. आज कोणत्या क्षणी मला बरं वाटलं, हे रोज त्यात लिहायचं ठरवलं. कुणी सांगितलं म्हणून काही चांगलं मानायचं नाही, वहीत जे दिसेल तेच खरं धरायचं. असं तिनं काही वर्षं केलं आणि १९३४ साली जोआना फील्ड या टोपणनावानं पुस्तक छापलं.

तिला काय सापडलं? आपल्याला ज्यानं सुख होईल असं वाटत होतं, आणि वहीत ज्यानं सुख झालेलं दिसत होतं, त्या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. लोकांनी चांगलं म्हणावं, आपण कुठंतरी पोहोचावं, यामागं ती धावत होती. वहीत मात्र बरं वाटल्याचे क्षण वेगळ्याच जागी होते. धाव थोडी थांबायची, मन मोकळं होऊन समोरच्या गोष्टीकडं नीट पाहायचं, तेव्हा ते यायचे. पुढं ती मनाच्या आजारांवर उपचार करणारी नावाजलेली बाई झाली.

दुसरी बाई आपल्या काळातली. अमेरिकेत न्यूयॉर्कला राहणाऱ्या ग्रेचेन रूबिन. शिक्षणानं वकील, पुढं लेखिका, दोन मुलींची आई. एका पावसाळी दिवशी बसमधून जाताना त्यांच्या मनात आलं की माझं चांगलं चाललंय, तरी मी सारखी चिडते का? त्यांनी वर्षाचे बारा महिने वाटून घेतले. एका महिन्यात शरीराची ताकद: लवकर झोपणं, घरातला पसारा आवरणं. दुसऱ्यात नवऱ्याशी वागणं, आणखी एकात मुली. सकाळी मुलींवर ओरडण्याऐवजी गाणं म्हणायचं, असाही एक नेम होता. केलं की तक्त्यावर खूण करायची, राहिलं की तेही दिसायचं. या वर्षाचं त्यांचं पुस्तक २००९ साली आलं आणि जगभर फार खपलं. त्यानंतर अशा पुस्तकांची रांगच लागली.

‘त्यांचं ठीक आहे हो!’

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, ‘ताई, त्यांचं ठीक आहे. नळाला पाणी आहे, घरात गॅस आहे, कमाई आहे. त्यांना सुखाचा विचार सुचतो. आम्ही पहाटे उठून पाणी भरायचं, रोजाला जायचं, दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला गुजरातमध्ये जायचं. आम्ही कुठली वही लिहिणार?’

हे म्हणणं खरं आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या बाईंचा तक्ता जसाच्या तसा उचलून खांडबाऱ्यात चिकटवला तर तो चार दिवसांत गळून पडेल. शिवाय आपल्यातल्या कितीतरी जणींना लिहिताच येत नाही. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत नंदुरबार जिल्हा राज्यात सर्वांत मागे होता. शंभरात चौसष्ट माणसं साक्षर, आणि बायकांचा आकडा त्याहूनही खाली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. स्वतःसाठी एक गोष्ट ठरवायची आणि नेटानं करायची, हा उद्योग आपल्याकडच्या बायकांनी न्यूयॉर्कच्या कितीतरी आधी केला आहे, आणि तोही वेळ, पैसा, मोकळीक यांतलं काहीच हाताशी नसताना. त्यांनी त्याला ‘सुखाचा प्रयोग’ असं नाव दिलं नाही, एवढंच. त्यांतल्या तिघींची गोष्ट सांगते.

चुलीपाशी लपवलेलं पान

पहिली बंगालची राससुंदरी देवी. दोनशे वर्षांपूर्वीचा काळ. बाराव्या वर्षी लग्न झालं. मोठं घर, एकामागून एक मुलं, दिवसभर रांधणं. बाई शिकली तर घराला अवदसा लागते असं लोक मानत. तिला मात्र एकच ओढ होती की देवाची पोथी आपली आपण वाचावी. एके दिवशी तिनं घरातल्या पोथीचं एक पान काढून घेतलं. थोरला मुलगा ताडपत्रावर अक्षरं गिरवायचा, त्यातलं एक पत्रही उचललं. दोन्ही स्वयंपाकघरात लपवली. रांधता रांधता, कुणी बघत नाही असं पाहून, एक अक्षर दुसऱ्याशी जुळवत ती वाचायला शिकली. पुढं म्हातारपणी तिनं ‘आमार जीबन’ म्हणजे ‘माझं जीवन’ हे पुस्तक लिहिलं. बंगाली बाईनं लिहिलेलं ते पहिलं आत्मचरित्र.

दुसऱ्या तुमच्या ओळखीच्या आहेत. टीव्हीवर ‘उंच माझा झोका’ मालिका लागायची, आठवतं? त्यातल्या रमाबाई रानडे. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. माहेरी मुलींना शिकवायची रीत नव्हती. नवऱ्यानं मात्र रात्री शिकवायला घेतलं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण घरात बाकीच्या बायकाही होत्या. नवऱ्याजवळ बसून पुस्तक वाचणारी सून त्यांना खपेना. टोमणे, अबोला, कामात अडवणूक हे सगळं झालं. पुढं इंग्रजी शिकवायला एक गोऱ्या बाई येऊ लागल्या, तर धडा संपला की विटाळ म्हणून रमाबाईंना आंघोळ करावी लागायची. तरी त्यांनी शिकणं सोडलं नाही, आणि घरातल्या बायकांशी भांडणही मांडलं नाही. दिवसा सासरचं काम, रात्री अभ्यास. १९१० साली त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. आपण शिकलो ते आपल्यापुरतं ठेवलं नाही. पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं राहिलं, ते त्यांच्यामुळे. तिथं विधवा आणि गरजू बायका शिकून नर्स आणि शिक्षिका झाल्या.

तिसऱ्या बेबीताई कांबळे. जन्म १९२९ चा. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या, महार समाजातल्या. तेराव्या वर्षी लग्न झालं. पोटासाठी नवरा-बायकोनं सुटी द्राक्षं विकायला सुरुवात केली, मग भाजी, मग किराणा असं करत छोटं दुकान उभं केलं. पुड्या बांधायला रद्दी यायची. बेबीताई दुकानात बसून ती रद्दी वाचायच्या. वाचता वाचता लिहावंसं वाटलं. नवरा माल आणायला बाहेर गेला की गल्ल्यावर बसून त्या लिहायच्या आणि घरात कुणाचं लक्ष जाणार नाही अशा धुळीच्या कोपऱ्यात कागद लपवून ठेवायच्या. नवऱ्याला कळलं तर काय होईल, ही भीती होती. असं जवळजवळ वीस वर्षं चाललं. फलटणमध्ये राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन या बाईंना त्या लिहितात हे कळलं. त्यांनी धीर दिला आणि ते लिखाण बाहेर आलं. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघालं. आज ते इंग्रजीतही वाचलं जातं.

या पुस्तकाचं नाव पाहा. ‘जिणं माझं’ असं नाही, ‘आमुचं’ असं आहे. बेबीताईंनी आपल्या घरचं कमी आणि आपल्या समाजातल्या बायकांचं जास्त लिहिलं. त्यांची भूक, त्यांचं कष्टाचं जिणं, सासुरवास, आणि बाबासाहेबांच्या चळवळीनं त्यांच्यात आलेली ताकद. पुढं त्यांनी फलटणजवळ निंबुऱ्याला मुलांसाठी आश्रमशाळाही चालवली.

या सगळ्यांत सारखं काय?

लंडनची बाई, न्यूयॉर्कची बाई, चुलीपाशी बसलेली राससुंदरी आणि गल्ल्यावरच्या बेबीताई. जगणं किती वेगळं! पण पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली की काही गोष्टी सारख्या दिसतात.

पहिली गोष्ट. यांतल्या कुणालाही ‘मी आनंदी राहीन’ असं नुसतं म्हणून आनंद मिळाला नाही. प्रत्येकीनं हाताला धरता येईल अशी एक छोटी गोष्ट निवडली. रोज एक अक्षर. रोज एक पान. सकाळी एक गाणं. सुख त्या गोष्टीच्या पाठोपाठ आलं.

दुसरी गोष्ट. त्या गोष्टीला जागा आणि वेळ ठरलेली होती. चुलीपाशी, रात्री दिवा लावल्यावर, नवरा माल आणायला गेल्यावर. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असं म्हटलं की वेळ कधीच मिळत नाही, हे घर चालवणाऱ्या बाईला सांगायची गरज नाही.

तिसरी गोष्ट. प्रत्येकीनं खूण ठेवली. कुणी वही, कुणी तक्ता, कुणी लपवलेले कागद. आपलं मन विसराळू असतं. वाईट दिवस आला की ‘माझं कधी काही बरं झालंच नाही’ असं वाटतं. खूण असली की ती सांगते, ‘अगं, परवा मंगळवारी तू हसली होतीस.’

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाठीशी कुणीतरी असलं की काम वेगळ्याच वेगानं होतं. राससुंदरीला सुरुवातीला कुणी नव्हतं, तिला चोरासारखं शिकावं लागलं. रमाबाईंना नवऱ्याची साथ होती, पण घरातल्या बायकांची नव्हती, आणि त्याचंच दुःख त्यांना जास्त झालं. बेबीताईंचे कागद वीस वर्षं धुळीत राहिले आणि एका बाईनं विचारपूस केल्यावर बाहेर आले. म्हणजे बाईच्या छोट्याशा सुखाच्या आड कधी कधी दुसरी बाईच येते, आणि ते सुख उजेडात आणणारीही बाईच असते. आपण त्यांतल्या कोण व्हायचं, हे आपल्या हातात आहे.

‘हसत राहा’ हे आणखी एक काम

आता या पुस्तकांचा धोकाही सांगते. ती वाचून किंवा ऐकून असं वाटू शकतं की सुखी होणं हे प्रत्येकीचं आपापलं काम आहे आणि जी दुःखी आहे ती कुठंतरी कमी पडली. हे खोटं आहे. पाणी भरणं, रांधणं, मजुरी, या सगळ्याच्या वर ‘हसत राहणं’ हे आणखी एक काम बाईच्या डोक्यावर कशाला?

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस आणि त्यांच्या सोबत्यांनी याचा अभ्यास केला. तो २०११ साली छापून आला. काही बायकांना त्यांनी आधी असा मजकूर वाचायला दिला की सुखी असणं आयुष्यात फार महत्त्वाचं आहे. मग त्यांना एक आनंदाचा चित्रपट दाखवला. हा मजकूर न वाचलेल्या बायकांना चित्रपटानं जेवढं बरं वाटलं, तेवढं यांना वाटलं नाही. ‘आता मला आनंद झालाच पाहिजे’ असं मनाशी धरलं की आनंद आला का, पुरेसा आला का, याची मोजणी सुरू होते आणि मन खट्टू होतं. दर पाच मिनिटांनी झाकण काढून भात पाहिला तर तो नीट शिजत नाही, तसंच हे.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. सगळ्या दुःखांवर वही पुरत नाही. आज आपला नंदुरबार जिल्हा आहे, पण १९७२ साली हा भाग धुळे जिल्ह्यात होता. तेव्हा शहाद्याला अंबरसिंग महाराज आणि त्यांच्या सोबत्यांच्या पुढाकारानं जमिनीसाठी आणि मजुरीसाठी आदिवासींची श्रमिक संघटना उभी राहिली. बायकांची शिबिरं भरू लागली. जमिनीचं आणि मजुरीचं बोलता बोलता बायकांनी घरातलं दुःख बाहेर काढलं: दारू आणि मार. एकीनं सांगितलं, दुसरी म्हणाली माझंही तसंच, तिसरी म्हणाली माझंही. मग बायका मिळून निघाल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. एका गावाचं पाहून दुसऱ्या गावच्या बायका उठल्या.

विचार करा. त्यांतल्या एखादीनं घरी बसून ‘आज मला कशानं बरं वाटलं’ असं रोज लिहिलं असतं, तर तिच्या वहीत एवढंच आलं असतं की नवरा पिऊन आला नाही त्या दिवशी बरं वाटलं. पण तिची वही, शेजारणीची वही आणि पलीकडच्या पाड्यावरची वही एकत्र ठेवल्या की कळतं, हे एकीचं नशीब नाही, हा गावाचा प्रश्न आहे. म्हणून वही एकटीनं लिहायची असली, तरी तिच्यातलं काही गटात बोललं गेलं पाहिजे.

आपण करून पाहायचं तर

आता कामाचं बोलू. एक महिना करून पाहायला काय हरकत आहे? पैसे लागत नाहीत.

पहिला आठवडा काहीही बदलू नका. फक्त पाहा. रात्री अंथरुणावर पडलं की आठवा, आज कोणत्या वेळी मन हलकं झालं? मोठं काही शोधू नका. बाजारातून येताना मैत्रिणीशी बोलणं झालं असेल. पहिल्या पावसाचा वास आला असेल, किंवा पोरगं शाळेतून पळत येऊन बिलगलं असेल.

लिहिता येत असेल तर एक ओळ लिहा. येत नसेल तर अडून राहू नका. आपल्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातलं, शेतातलं काम करताना त्यांना जे सुचलं ते घरच्यांनी टिपून ठेवलं म्हणून आज आपल्यापर्यंत आलं. आपण खुणा ठेवू. भिंतीवर कोळशानं किंवा चुन्यानं चित्र काढा: गाण्यासाठी ढोल, मैत्रिणीसाठी दोन बाया, विसाव्यासाठी झाड. किंवा एका डब्यात तुरीचे दाणे टाका, ज्या दिवशी असा एखादा क्षण आला त्या दिवशी एक दाणा. आठवड्यानं दाणे मोजा. मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवता येतो, पण तो मोबाइल घरात आणखी कुणाच्या हातात जातो, हे ध्यानात ठेवूनच बोला.

दुसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट निवडा. ती अशी असावी की केली की नाही, हे दुसऱ्याला सांगता येईल. ‘मी चिडणार नाही’ हे धरता येत नाही. ‘दुपारची भाकरी मी खाली बसून, गरम असताना खाईन’ हे धरता येतं. ‘स्वतःकडं लक्ष देईन’ हे हवेतलं झालं. ‘गुरुवारी बैठकीला अर्धा तास आधी जाऊन सही गिरवीन’ हे पक्कं. पडावावर ऊसतोडीला जाणाऱ्यांनी सोबत नेता येईल अशीच गोष्ट निवडावी. झोपडीत वही टिकत नसली तरी झोपायच्या आधी एक गाणं टिकतं.

मग राहिलेले दिवस खूण करत जा. एखादा दिवस राहिला तर राहिला. भात लावताना एखादं रोप सुटतं, म्हणून आपण सगळी लावणी सोडून देत नाही.

आणि एक पाठराखीण धरा. नवरीसोबत पाठराखीण जाते ना, तशी. गटात दोघी-दोघींच्या जोड्या करा. तिनं आपल्याला उपदेश करायचा नाही, रागवायचं नाही. आठवड्यातून एकदा एवढंच विचारायचं, ‘केलंस का गं?’ आणि ऐकून घ्यायचं.

महिन्याच्या शेवटच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं यासाठी ठेवा. नियम दोनच. कुणावर बोलायची सक्ती नाही, आणि इथं बोललेलं बाहेर जायचं नाही. सासूला कळलं, पाड्यावर चर्चा झाली, की पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही. दोघी-तिघींच्या बोलण्यात एकच त्रास आला, पाण्याचा असो, रेशनचा असो की दारूचा, तर तो ठरावाच्या वहीत लिहा आणि ग्रामसभेत न्या. तिथून पुढं ते गटाचं काम.

वहीच्या पलीकडचं दुःख

काही दुःखं अशी असतात की त्यांना प्रयोग करत बसायचं नाही. दोन आठवडे झाले तरी झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच मन लागत नाही, उगाच रडू येतं, जीव नको वाटतो, असं कुणाला होत असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर औषधपाणी आहे. बाळंतपणानंतरही असं होतं. आशाताईला सांगा, आरोग्य केंद्रात जा. १४४१६ हा ‘टेलीमानस’चा सरकारी क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि जिवावर बेतलं तर ११२ लावा. हे तीन आकडे गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. जिला वाचता येत नाही, तिच्या मोबाइलमध्ये भरून द्या.

तर मैत्रिणींनो, सुखाच्या पुस्तकांचं सार माझ्या मते इतकंच आहे. आपल्या दिवसातला एक छोटा तुकडा आपला म्हणून राखायचा, त्याची खूण ठेवायची, आणि शेजारणीलाही तिचा तुकडा राखू द्यायचा. सून वाचत बसली तर ‘काय दिवे लावणार आहेस’ असं म्हणण्याआधी रमाबाई आठवा.

पुढच्या बैठकीत एकमेकींना एक प्रश्न विचारा: गेल्या आठवड्यात कोणत्या वेळी तुझं मन हलकं झालं? ‘चाललंय’ हे उत्तर चालणार नाही. थोडं थांबा, तिला आठवू द्या. आणि ती काय म्हणाली ते, तिला चालणार असेल तर, आम्हालाही कळवा.